गुरुवारची लाइट

बस मोशीच्या स्टॉपवरून हलली, तरी पुढच्या सीटवरचं भांडण काही मिटेना. मागं बसलेल्या बबनरावांनी कान टवकारले.

"गणराज, विद्यापीठाच्या स्टार्टअप अ‍ॅक्सिलरेटरवाल्यांना तू गुरुवारला हो म्हणालास?"

"डेमोचा दिवस ते ठरवतात, दीक्षा. त्यावरच आपल्याला पुढं ठेवायचं की नाही ते ठरणार. नाही कसं म्हणू?"

"वाकडला राहतोस, म्हणून तुला माहीत नाही. आपला गाळा आहे त्या निघोज्यात गुरुवारी लाइट नसते, सगळे गाळे बंद. माझ्या बापानं तिथंच लेथ चालवलं. आमच्या घरी रविवार गुरुवारी यायचा."

"अरे देवा! थांब, फोन करून शुक्रवार मागतो."

"फोन ठेव खाली. आपण काय बनवलंय?"

"बॅटरी."

"कशाला?"

"लाइट गेली तरी गाळ्यातलं मशीन चालावं म्हणून."

"मग? अख्खी गल्ली गप्प आणि आपल्या एकट्याच्या गाळ्यात लेथ घरघरतंय. याहून भारी डेमो कुठला, भावा?"

"आणि मध्येच बंद पडलं तर?"

"तर ते उठून जातील. पण नाही पडणार. एकेक सेल मी स्वतः तपासून जोडलाय."

गणराजनं फोन खिशात टाकला.

"मग पाहुण्यांचा चहापण इलेक्ट्रिक शेगडीवरच टाकू."

बबनरावांना राहवेना. ते पुढं वाकले.

"पोरी, तिथंच मागच्या गल्लीत माझा गाळा हाय. गुरुवारी आमच्यापर्यंत वायर पोचंल का?"