शालनच्या ताटात काय हुतं

लिवा पावणं, पर माजं नाव घालू नका. शिवाजी पेठेतला सीटकव्हरवाला म्हनून लिवा, वळखनारं तेवढ्यावर वळखत्यात. जन्म हितलाच, तालमीच्या मागच्या बोळातला. वडील गाद्या भरायचे. मी शाळेत ढ, पर अंगानं दांडगा, म्हनून वस्तादांनी लाल मातीत उतरवलं. जत्रंतल्या चार कुस्त्या मारल्या, त्यापण नारळाच्या बक्षिसावरच्या, खोटं कशाला सांगू. पर पैलवान म्हनून नाव पडलं ते पडलंच, आन् त्याच्यासंगं खुराकबी आला. पुढं गुडघा गेला, कुस्ती सुटली, खुराक काय सुटला न्हाय.

मग सीटकव्हरचं काम धरलं. मोटरसायकलीच्या सीटच्या फोमला रेक्झिन चिकटवायचं असतंय, त्याला डब्यातलं सोलुशन लागतंय, वासानं डोकं धरतंय बगा. लगीन झालं आन् शालन माज्या हाताखाली आली. हाताखाली कसली, खरं काम तिनंच केलं. मी म्होरं दुकानात वाऱ्याला बसून मशीनवर शिवायचो, गिऱ्हाईकासंगं गप्पा हाणायचो, आन् ती मागच्या खोलीत दिवसभर ब्रशनं सोलुशन लावायची. खिडकी बंद. का, तर धूळ बसली की रेक्झिन धरत न्हाय. हे मीच सांगितल्यालं. वीस-बावीस वर्सं ती खिडकी मीच उघडू दिली न्हाय.

आन् सांजच्याला मी दूध कट्ट्यावर. आमच्या कोल्हापुरात म्हशी कट्ट्यावर आनून डोळ्यादेखत धार काढून देत्यात, पेल्यात फेस वर येतोय, एका दमात प्यायचं. तितं कुनी म्हनलं की पैलवान, आता कशाला दूध, तर मी म्हनायचो, आमचं काम सोलुशनचं, इखारी वास, दूध पायजेच की त्याला. समदी मान डोलवायची. काय सांगू तुमास्नी, वास तिच्या नाकात आन् दूध माज्या पोटात, आन् ह्यात काय वंगाळ हाय हे माज्या डोक्यात एकडावबी आलं न्हाय.

शालनचं उपास लई. सोमवार, गुरुवार, शुक्रवारी अंबाबाईचा. मी चारचौघांत मिरवायचो, आमची शालन एका कप च्यावर दिवस काढती म्हनून. मिरवायचो वो! तिला मळमळायचं, अन्नावरची वासनाच जायची, तर मी म्हनायचो पित्त हाय, लिंबू पी. आन् ती प्यायची. ती काय म्हनली न्हाय कदी. मी इचारलं बी न्हाय.

गेल्या दिवाळीनंतर एक गिऱ्हाईक म्हनलं, पैलवान, वैनींचं डोळं पिवळं दिसत्यात. बगा, गिऱ्हाईकाला दिसलं. एका घरात ऱ्हातो आमी, एका चुलीवरचं जेवतो, पर दिसलं गिऱ्हाईकाला.

दवाखान्यात गेलतो. डॉक्टरीण माज्या लेकीच्या वयाची. रक्त तपासलं, पोटाचा फोटू काढला, लिव्हरला सूज हाय म्हनली. पयलं इचारलं, मावशी दारू घेतात का. शालन लाजून खालीच बघाय लागली, मी मोट्यानं हसलो. मग कामाचं इचारलं, सोलुशन, खिडकी, समदं. मग म्हनली, मावशी काय खातात? मी म्हनलं, आमच्या घरात काय कमी हाय व्हय, परवा रविवारी मटण हुतं, तांबडा-पांढरा. ती म्हनली, काका, मी मावशींचं विचारतेय. परवा त्यांच्या ताटात काय होतं?

पावणं, मी आटवाय लागलो तर मला नुसतं माजंच ताट दिसाय लागलं. शालन जेवताना मी कदी बघितलीच न्हवती. शालन हळूच म्हनली, रस्सा-भात. पीस सपलं हुतं. पीस कुनी सपवलं, हे तिनं सांगितलं न्हाय. सांगाय लागत न्हवतं.

डॉक्टरीण म्हनली, श्वासातून असलं रसायन शरीरात जातं, ते मोडून बाहेर टाकायचं काम लिव्हरचं. त्याला लागणारं सामान जेवणातून येतं, डाळ, अंडी, दूध, पालेभाजी. मी म्हनलं, मग दुधानं इख मरतंय न्हवं? ती म्हनली, नाही काका, दूध काही त्याच्यावरचं औषध नाही, आधी तो वास बंद करा. त्याच एका कारणानं झालं असं मी छातीठोक सांगणार नाही. पण अर्धपोटी माणसाचं लिव्हर रिकाम्या हातानं झगडत असतं.

मी पैलवान गडी, मला हे दुसऱ्यानं सांगाय नको हुतं. खुराकाशिवाय तालमीत कुनालाबी मातीत उतरवत न्हाईत. आन् मी माज्या बायकूला इतकी वर्सं उपाशीपोटी झुंजाय लावली, आन् तिचा खुराक मी खाल्ला. लाज वाटती. दुसरा शबुद न्हाय माज्याकडं.

आता सोलुशन मी लावतो, भाईर आंगनात, तोंडाला मास्क बांधून. तिला मागच्या खोलीत जाऊ देत न्हाय. गोळ्या चालू हाईत, डोळं निवळल्यात, पर पयल्यासारखं व्हायाला येळ लागंल म्हनली डॉक्टरीण, किती ते सांगितलं न्हाय. उपास सोड म्हनलं तर शालन म्हनली, देवीचा तेवढा ऱ्हाऊ द्या. मग आमचं भांडान. शेवटी शुक्रवारी दूध-केळं खायाचं कबूल केलं तिनं.

एक दिवस तिला कट्ट्यावर घेऊन गेलतो. पयल्यांदाच. तिनं दोन घोट घेतलं, पदरानं तोंड पुसलं आन् पेला माज्याम्होरं धरला. घ्या, दमलाय तुमी, म्हनली. माज्या डोळ्याला पानी आलं की वो, समद्या लोकांत. तवापास्नं मी तितं दूध पीत न्हाय.

घरात आता पयलं ताट तिचं. डाळ, अंडं, भाजी मी सोता वाढतो. पर माज्याम्होरं तिला खायाला येत न्हाय, लाजती, पाठ करून बसती, घास हातातच ऱ्हातोय. सवय मीच लावली, मोडायची कशी? मग मीच भिताडाकडं तोंड करून बसतो. भाकरी मोडल्याली ऐकू येती, वाटी सरकल्याली ऐकू येती, तवा मला कळतंय, खाती म्हनून.

अंबाबाई तुमचं भलं करो पावणं, तुमी शिकल्याली मानसं. पर घरला गेल्यावर बगा एकडाव, तुमच्या कारभारनीच्या ताटात काय हाय ते. मला बघायला डॉक्टर लागली.