मामाजी, मी आणि नायगारा

तुम्ही नेहमी विचारता ना, मामाजींसमोर, म्हणजे माझ्या सासऱ्यांसमोर, तोंड न उघडणारी मी बालवाडीत शिकवायला कशी लागले? ते ठरलं नायगारा धबधब्यावर, हेलिकॉप्टरात.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात दिरानं मामाजींना, ह्यांना आणि मला आमच्या केनवड गावाहून अमेरिकेला बोलावलं. गावच्या बालवाडीसाठी मला आधीच विचारलं होतं, पण मामाजींपाशी विषय काढायची आमच्या ह्यांची हिंमतच होत नव्हती.

दिरानं आम्हा तिघांना हेलिकॉप्टरात बसवलं, कानांवर जाड फोन चढवले आणि तो खाली थांबला. मला वाटलं, आवाजानं कान दुखू नयेत म्हणून असतील. एवढ्या घरघरीत मामाजींना काय ऐकू जाणार? धबधब्यावर आलो तशी मी ह्यांना ठणकावलं, "आज विचारा, नाही तं मीच विचारते. काहून एवढे भेता त्याहिले? नोकरी मी करनारच!"

हे डोळे मोठे करून नुसते कानावरच्या फोनकडे बोट दाखवत राहिले.

तेवढ्यात माझ्या कानात मामाजींचा आवाज आला. दोन्ही हातांनी सीट धरून, डोळे घट्ट मिटून ते म्हणत होते, "पोरी, सारं ऐकू आलं मले. नोकरीचं मंग पाहू. तू मॅट्रिक हायेस ना? या पायलटले आधी इंग्रजीत सांग, खाली उतरव म्हना!"

लाजेनं मेल्यासारखं झालं. तरी मी पदर सावरला.

"सांगते, मामाजी. पन आधी तुमी हो म्हना."