नथूबाचं कपाट आणि देवदानाचा घास

मंडळी, आधीच सांगून टाकतो, आज मी तापलेलो आहे! पेटीवाले, सूर जरा खालीच धरा, माझा वर जाणारच आहे.

झालं काय, परवा एका शिकल्यासवरल्या गृहस्थांनी मला गाठलं. म्हणाले, "बुवा, देव सर्वसमर्थ ना? त्याची माया अपार ना? मग एकेकाची मानगूट धरून तो सगळ्यांना तारत का नाही? आणि तारण फुकट आहे म्हणता, तर लोक घेत का नाहीत?" एवढं बोलून गृहस्थ खुशीत हसले. बुवाला पेचात धरलं म्हणून! अहो, मला काय विचारता? याच प्रश्नानं माझ्या डोक्यावरचे केस गेले!

विकत न मिळे, बळेंही न येई ।
दिलें तैसें घेई, जीवा माझ्या ॥

म्हणा! ... हं, पुन्हा एकदा. मागची मंडळी नुसते ओठ हलवताहेत, दिसतंय मला!

तर ऐका. नेवाशाच्या अंगाला एक गाव आहे. नाव सांगत नाही, सांगितलं तर तिथली मंडळी पुढच्या वर्षी मला कीर्तनाला बोलावणार नाहीत. त्या गावात दोन भाऊ. थोरला नथानिएल पाटोळे. हे बाप्तिस्म्याचं नाव, पण गावाच्या तोंडात ते बसेना, म्हणून नथूबा. धाकटा देवदान. बाप गेला, रान वाटून झालं, विहीर मात्र सामाईक राहिली. आणि सामाईक विहीर म्हणजे काय असतं, ते तुम्हाला मी सांगायला नको!

एका उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं. नथूबानं काय करावं? विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीला आपलं कुलूप ठोकलं! देवदानाची पाळी आली — कुलूप. पुढची पाळी आली — कुलूप! "दादा, झाडं जळतायत रं," म्हणून देवदान पाया पडला. कुलूप काही निघालं नाही. पोटच्या पोरासारखी वाढवलेली मोसंबीची बाग उभी वाळली. देवदान बायको-पोरीला घेऊन शहरात गेला आणि वेल्डिंगच्या दुकानात राबला. भावाभावांचं बोलणं तुटलं.

वर्षं गेली. देवदान सावरला, गावी परतला, लेकीचं लग्न ठरलं. लेकीचं नाव सुवार्ता. आता लग्नाचं पहिलं बोलावणं घेऊन हा देवदान कुणाच्या दारात गेला असेल? नथूबाच्या! म्हणाला, "दादा, बागेचं मी सोडलं. मनातनं सोडलं. पोरीच्या लग्नाला ये. पंगतीत माझ्या शेजारचं पान तुझं. फकस्त हातात काय बी आणू नगंस. तू नुसता ये."

हे ऐकून नथूबाच्या बायकोच्या, मार्थाबाईच्या डोळ्यांना धार लागली. आणि नथूबाच्या? नथूबाच्या पोटात दुखायला लागलं! का दुखावं हो? जेवायलाच बोलावलं होतं ना? पण मंडळी, क्षमा फुकट घ्यायची म्हटलं, की आपण चुकलो हे कबूल करावं लागतं. तिथंच गाडं अडतं! त्यापेक्षा काहीतरी द्यावं, मिशीवर हात फिरवावा आणि म्हणावं, फिटलं!

म्हणून नथूबानं लोखंडी कपाट घेतलं. आरशाचं! आणि पेंटरकडून त्याच्यावर लिहून घेतलं — 'नथानिएल पाटोळे यांजकडून सप्रेम भेट.' अक्षरं एवढी मोठी, की नवरीनं कुंकू लावायला — चुकलो, आपल्यात पावडर लावायला — आरशापुढं उभं राहावं आणि आधी नथूबा वाचावा! हसताय? हसा, हसा. या देवळातल्या पंख्यांच्या पात्यांवर काय लिहिलंय, ते एकदा वीज गेली की वाचा!

लग्नाचा दिवस उजाडला. देवळात पाळकसाहेबांनी लग्न लावलं, नथूबा आला नाही. मंडपात पानं मांडली, तेव्हा दाराशी टेम्पो थांबला. पुढं मार्थाबाई, मागं कपाट, आणि कपाटाला धरून नवा फेटा बांधलेला नथूबा! उतरल्या उतरल्या म्हणतो काय, "माइक कुठं हाय? नाव पुकारा — थोरल्या चुलत्याकडून कपाट!"

देवदान धावतच बाहेर आला. "दादा, आलास! चल आत."

"आधी कपाट आत."

"कपाट न्हाई. तू."

"आहेराबिगर पंगतीला बसू? भिकारी हाय का मी?"

"भाऊ हायेस माझा."

"तुझी बाग वाळली, तिच्यापायी हे घे आन् फिटलं म्हण!"

देवदान शांतपणे म्हणाला, "दादा, कपाटानं वाळल्या झाडाला पालवी फुटती का? ते फिटण्यातलं न्हवतंच. म्हणून तर सोडलं."

अरे, ऐकलंत का? फिटण्यातलं नव्हतंच! आणि फुकट, फुकट म्हणता, ते कुणाला? घेणाऱ्याला! देणाऱ्याची आख्खी बाग गेली होती, मंडळी! प्रभूनं क्रूसावर काय सोसलं ते आठवा आणि मग सांगा, तुमच्याकडचं कुठलं कपाट त्याला पुरं पडणार आहे?

पण नथूबा हलेना! पाळकसाहेब येऊन विनवून गेले. खुद्द नवरी हार सावरत उन्हात आली. "काका, मला कपाट नको. तुमचा हात माझ्या डोक्यावर पाहिजे." नथूबा टेम्पोच्या चाकाकडं बघत उभा. शेवटी मार्थाबाई कडाडली, "तुमी बसा कपाटात कडी लावून! मी चालले जेवायला." आणि गेली की! पहिल्या पंगतीला बसली, बुंदी दोनदा मागून घेतली. शहाणी बाई!

मंडपातले चार तगडे गडी बाह्या सारून आले. "देवदानकाका, निस्तं व्हय म्हणा. फेट्यासकट उचलून पानावर बसवतो!"

"हात लावू नका," देवदान म्हणाला. "उचलून आणलेला नथूबा मला नगं. मला माझा भाऊ पायजे, आन् भाऊ आपल्या पायानं येतो."

का हो गृहस्थ, मिळालं उत्तर? मानगूट धरायला ताकद लागते, ती होती! चार जणांची होती! मानगूट धरून कैदी आणता येतो, भाऊ आणता येत नाही.

मग यजमानानं काय केलं? मुलीचा बाप, डोक्यावर शंभर कामं, आणि सकाळपासून स्वतः उपाशी! त्यानं दादासाठी राखलेलं शेजारचं पान उचललं, भात-वरण वाढून घेतलं आणि उन्हात, टेम्पोपाशी, धुळीत उभा राहिला. भाताचा घास कालवला आणि भावाच्या तोंडापाशी धरला. "दादा, घे."

नथूबानं ओठ मिटले.

"दादा, घे रं."

ओठ मिटलेले! पण देवदानाचा हात खाली आला नाही. तेवढ्यात टेम्पोवाला, रंगा त्याचं नाव, तो वरून बोलला, "पाव्हणं, त्यास्नी नसंल खायाचं तर मला द्या की! सकाळधरनं पोटात काय न्हाई."

बघा! ना बोलावणं, ना आहेर, ना ओळख. नुसती भूक! देवदान हसला, डोळे भरलेले तसाच हसला. घास रंगाच्या तोंडात घातला आणि म्हणाला, "आत जा बाबा, पोटभर जेव." रंगा गेला, जाताना टेम्पोची किल्ली खिशात घालून! आता नथूबाला आत जायचं नाही आणि घरी जाता येत नाही.

देवदानानं दुसरा घास केला. पुन्हा धरला, धरूनच राहिला. नथूबानं तोंड फिरवलं ते कपाटाकडं. आरशात स्वतःच दिसला, आणि खांद्यामागं हात पुढं केलेला भाऊ. क्षणभर त्याची हनुवटी हलली. आणि काय सांगू मंडळी, रंगा ढेकर देत बाहेर आला, तसा नथूबा म्हणाला, "चल. घरी."

गेला! टेम्पो गेला! हातात घास तसाच धरून देवदान रस्त्यावर उभा राहिला आणि पोरासारखा रडला. लेक सासरी जाताना रडला नसेल, तेवढा रडला.

आता तुमच्यातले काही मागं वळून शोधताहेत, नथूबा आलाय का म्हणून. पुढं बघा! मागं काय आहे? "माझ्या आजोबांनी हे देऊळ बांधलं, मी वर्गणी चुकवत नाही, मी कुणाच्या अध्यात नाही" — ही सगळी कपाटं ठेवा त्या टेम्पोत! चांगली कामं करू नका, असं का मी म्हणतोय? करा की! जेवून उठलात की पदर खोचून वाढायला लागा, कोण नको म्हणतंय? पण आधी जेवा! देव तुमच्या जबड्यात हात घालून घास कोंबणार नाही. तो धरून उभा राहील. तोंड ज्याचं त्यानं उघडायचं. आणि मरण कुणाची वाट बघत नाही, एवढं तरी कळतं ना?

किती वर्षं उभा आहे हो तो तुमच्यापुढं, उन्हात, उपाशी! मी ओरडून थकलो, तो थकत नाही. अरे, उघडा की तोंड!