शेवटचे ठसे

गुन्हेगारीशास्त्राचा विद्यार्थी समाजाचा पहारेकरी असतो, यावर जेरिकोची गाढ श्रद्धा होती. इलोइलो शहरात जीपनी या प्रवासी गाडीच्या रांगेत तो शाईची डबी पुढे करून शेजारच्या कासिंगमावशीला विनवत होता.

"मावशी, प्रकल्पाला अजून एकाच माणसाच्या बोटांचे ठसे कमी पडतायत. नाहीतर नापास होईन!"

"बघणार कोण ते?"

"आमचे दुमागात सर."

"ज्यांचा झुंजीचा कोंबडा चोरीला गेला, तेच?"

"तेच. पिंजऱ्याच्या दारावरचे ठसे त्यांनी जपून ठेवलेत."

"मग नको रे बाबा!"

"मावशी! म्हणजे फिएस्टाच्या जत्रेतला तो कोंबडीचा रस्सा..."

"ओरपलास की, साहेब! तंगडी तुलाच वाढली होती."

"पण चोरी तुम्ही केलीत!"

"मी नुसती उभी होते. दार तुझ्या आईनं उघडलं."

आईचे ठसे त्याने सोमवारीच सरांकडे जमा केले होते.