माझ्या नावाची लोखंडाची फर्म

लिहा, पण नाव नीट लिहा माझं. सत्वशीला. त ला व जोडायचा, अन् शी दीर्घ. लई जणांनी चुकीचं लिहिलं बगा, रेशनवर सत्यशीला, मतदानाच्या कार्डावर सतशिला, अन् ज्यांनी चोरलं त्यांनी मात्र एकदम बरोबर लिहिलं, आता काय सांगू तुमाला. जन्म माझा जळकोटकडचा, लहानसं गाव. बाप आठवडी बाजारात चुरमुरे-फुटाणे इकायचा, गळ्यात लिंग, कपाळाला इबूत, गिऱ्हाइकाला माप दिलं की वरून एक मूठ जास्तीची टाकायचा. चौथीपत्तोर शिकले. मंग लगीन झालं अन् धर्माबादला आले. हिकडं अर्धी माणसं तेलुगूत बोलतात, सासू नीळ्ळू म्हणली की मी नुस्ती तोंडाकडं बगत बसायची, मंग ती स्वताच उठून पाण्याचा तांब्या घ्यायची अन् बडबडायची. नवरा धान्याच्या मोंढ्यात हमाल. माणूस भला होता. लकवा मारला, सहा महिने अंथरुणात होता, अन् गेला. पोरगी महानंदा तवा सातवीत.

तवापासून मी मिरचीच्या कामाला. धर्माबादची मिरची ठावं असंल तुमाला. आमी बाया वखारीत बसून देठ तोडून राहिलो बारा-तेरा वर्सं. पयल्या दिवशी हात असे पेटले, असे पेटले, की रात्रभर पाण्याच्या भांड्यात बुडवून बसले होते. मंग सवय झाली. पण बोटाच्या रेघा गेल्या ना. हे बगा, हात लावून बगा, कशी गुळगुळीत झालीत. रेशनच्या दुकानात मशिनीवर आंगठा ठिवला की मशीन म्हणतंय न्हाई. हात धुवा, तेल लावा, केसाला पुसा, दुसरं बोट लावा. दुकानदार म्हणायचा, सत्वशीलाबाई, तुमचा आंगठा तुमालाच वळखत न्हाई. सगळे हसायचे, मीबी हसायची.

अन् एक दिवस त्यानं सांगितलं की आंगठा सोडा, आता नावच उडालं. कामून उडालं? म्हणला वरून उडालं, तहसीलला इचारा. तहसीलला गेले, एक साहेब म्हणला जेवणानंतर या, जेवणानंतर म्हणला सोमवारी या, सोमवारी तो स्वताच रजेवर. मंग महानंदाला बोलावून घेतलं, देगलूरला दिलीय तिला, बारावी झालीय, बोलायला खमकी. तिथं एक नवी कारकून बाई होती, तिनं संगणकात बगितलं अन् माझ्याकडं असं बगितलं की जसं मी तिच्या घरात चोरी केली. म्हणली, आजी, तुमचा एवढा मोठा धंदा हाय, टॅक्स भरता, अन् गरिबाच्या रेशनला उभ्या राहता? मी म्हणलं, कशाचा धंदा? म्हणली लोखंडाचा. भंगार लोखंडाची फर्म, दुसऱ्या राज्यात, मालकीण सत्वशीला. अवो, माझ्या घरात लोखंडाचा म्हणून एक तवा अन् एक इळा हाय!

महानंदा म्हणली, स्क्रीन फिरवा हिकडं. त्या बाईनं फिरवली. अन् त्यात माझा फोटो. मीच. डोळे मोठे करून बगून राहिले, आंगावर हिरवं पातळ. पातळ बगितलं अन् मी स्क्रीनवर बोट ठिवलं, कारण ते पातळ माझं न्हाईच. ते नरसम्माचं.

नरसम्मा म्हंजे माझ्या शेजारी बसून देठ तोडणारी, बारा वर्सांची जोडीदारीण, मला अक्का म्हणती. तिनंच सांगितलं होतं, नाव उडायच्या लई आदी, की अक्का, मंगल कार्यालयात कॅम्प लागलाय, बायांना शिलाई मशीन भेटणार हाय. माझं पातळ मिरचीनं भरलेलं, तर तिनंच आपलं हिरवं काढून दिलं, म्हणली फोटो काढतेत, चांगलं नेसून ये. तिथं एक माणूस अन् एक बाई, बोलायला लई गोड, मावशी मावशी करायचे. आधार घेतलं, लाइटीचं बिल घेतलं, मोबाइलवर आकडा आला तो इचारला, कागदावर सह्या घेतल्या. फोटो काढताना म्हणले डोळे मिटा, आता उघडा, आता मान हलवा. मी म्हणलं मशीन शिवायला डोळे कशाला मिटायचे? ती बाई हसली अन् म्हणली, मावशी लई हुशार हायत. हुशार! जाताना एकेक स्टीलचा डबा दिला. मशीन कुणालाच आली न्हाई. आमी दोन महिने वाट बगितली अन् इसरून गेलो. गरीब माणूस न आलेल्या वस्तू कुठवर ध्यानात ठिवणार?

तहसीलमधून मी थेट वखारीत गेले अन् नरसम्माला नको नको ते बोलले. म्हणलं तू बाया गोळा केल्यास, तुला काय दिलं त्यांनी? ती म्हणली, अक्का, एक कुकर दिला. मंग तर माझं डोकंच फिरलं. म्हणलं कुकरासाठी मला इकलीस. सगळ्यांच्या देखत म्हणलं. ती खाली मान घालून देठ तोडत राहिली, अन् दुसऱ्या दिवसापासून दुसऱ्या कोपऱ्यात बसायला लागली. पाच महिने आमी बोललो न्हाई.

अन् त्या पाच महिन्यात माझी जी परेशानी झाली, ती वैऱ्याची होऊ नये. रेशन गेलं, मागून निराधारची पगारबी बंद झाली, व्यापारी बाई निराधार कशी म्हणून. पोलीस ठाण्यात गेलो तर म्हणले हे कंप्युटरचं हाय, नांदेडला जा. नांदेडला म्हणले फर्म तिकडं हाय, तिकडं जा. तिकडं फोन लावला तर ते त्यांच्या भाषेत म्हणले, तुमच्या ठाण्याची तक्रार आणा. म्हंजे फिरून तिथंच. मधीच तिकडून नोटीस आली, की मालकिणीनं हिशेब घेऊन हजर व्हावं. कुण्या मालकिणीनं? एक साहेब म्हणला, बाई, तुमी हे केलं न्हाई याचा सबूत काय? मी म्हणलं साहेब, केल्याचा सबूत असतोय, न केल्याचा कुठून आणू? माझ्या घरात या, तवा बगा, इळा बगा. तो म्हणला जास्त बोलू नका. ज्यानं चोरलं त्याला एकबी कागद कमी पडला न्हाई, अन् ज्याचं चोरलं त्याला रोज एक कागद कमी. मी मीच हाय, हे सांगायला मला साक्षीदार लागले बगा.

मंग महानंदाला कुणीतरी सांगितलं की नांदेडच्या टॅक्सच्या हापिसात जा, तिथल्या मॅडम ऐकून घेतात. निघायच्या दिवशी आमी स्टेशनवर उभ्या, तर नरसम्मा आली. हातात पिशवी. माझ्याकडं न बगता महानंदाला म्हणली, मीबी येते. गाडीत समोर बसली, पिशवी मांडीवर धरून, अन् मी खिडकीबाहेर बगत राहिले.

मॅडमनं संगणकात माझी फाइल उघडली, फोटो समोर आणला. नरसम्मा उठली अन् पिशवीतून ते हिरवं पातळ काढून टेबलावर पसरलं. म्हणली, मॅडम, हे माझं. खांद्यावर फाटलं होतं, हिरवा दोरा नव्हता म्हणून मी लाल दोऱ्यानं शिवलं. फोटोत बगा. मॅडमनं फोटो मोठा केला, तर खांद्यावर लाल टाके. नरसम्मा म्हणली, त्या दिवशी ही माझं नेसून गेली, मशीन भेटंल म्हणून. जी बाई दुसरीचं लुगडं नेसून जाती, तिची फर्म कशी असंल? अन् तिला म्या नेलं, कसूर माझा, मला काय करायचं ते करा.

मॅडमनं त्या टाक्यांवरून बोट फिरवलं. मंग म्हणल्या, तुमीबी गेला होता का त्या कॅम्पला? हाव म्हणली. तुमचं आधार द्या. टाकलं, अन् निघाली की नरसम्माच्याबी नावानं फर्म, पलास्टिकची! ती वाकून स्क्रीनकडं बगून राहिली. महानंदानं वखारीतल्या आणखी बायांचे आधारचे नंबर फोनवर इचारून घेतले, तर आमी दोघी धरून नऊ जणींच्या निघाल्या. नऊबी फोटोंच्या मागं त्या मंगल कार्यालयाची तीच पिवळी भिंत. एवढं बगितल्यावर मॅडम म्हणल्या, आता लिहा अर्ज, नऊ जणींचा एकत्र. महानंदानं तिथंच बसून लिहिला. येताना गाडीत नरसम्माला म्या म्हणलं, कुकरात वरण तरी चांगलं शिजतंय का? ती म्हणली, अक्का, त्याची शिट्टीच वाजत न्हाई. असं हसलो आमी, असं हसलो, की डोळ्याला पदर लावायची पाळी आली.

त्याला आता दीड वर्स झालं. फर्म बंद झाली म्हणून कागद आला. रेशन सुरू झालं. निराधारची फाइल अजून वर अडकलीय, इचारलं की म्हणतेत बाई, तुमच्या नावाम्होरं जुना शेरा हाय. ती गोड बोलणारी दोघं घावली न्हाईत, कुठंतरी आणखी कुणाला मावशी म्हणत असतील.

पण खरं सांगू, मला ते जास्त लागत न्हाई. मागच्या महिन्यात वखारीत डोळे तपासणारे आले. एक डॉक्टरीण अन् दोन नर्सा, म्हणल्या फुकट तपासू, आधार दाखवा. मी उठले, माझ्या मागं सगळ्या उठल्या. नको नको ते बोललो, हाकलून लावलं. ती डॉक्टरीण पोरगी रडायला आली होती, म्हणली मावशी, आमी खरंच दवाखान्यातून आलोय. म्या म्हणलं, सगळेच खरे असतेत. मंग आठ दिवसांनी कळलं, शेजारच्या वखारीत त्यांनी तपासलं अन् तिथल्या तीन बायांचं मोतीबिंदूचं ऑपरेशनबी झालं. अन् हिकडं नरसम्माला डाव्या डोळ्यानं देठ दिसत न्हाई, चाचपून तोडून राहिली.

तवा पुढच्या गुरवारी मी तिला नांदेडच्या सरकारी दवाखान्यात घेऊन चाललेय. दोघींची आधार कार्डं म्या माझ्या चोळीत ठिवणार हाय, अन् जो मागंल त्याला आधी इचारणार, कशाला पायजे. लाइनीत येळ लागंल, लागू द्या. त्या डॉक्टरीण पोरीचं नाव मला ठावं न्हाई, पण ती जिथं असंल तिथं सुखी राहो, माझ्या बोलण्याचा राग तिनं मनात ठिवू नये. शिव शिव. उठा आता तुमी, गाडी चुकंल तुमची.