बजाराच्या दिवशीची दवंडी

माहा बाप कोतवाल होता, त्याच्या मांगं मी झालो. वणीकडचं आमचं गाव, वरतं टेकडीले लागून पोड, म्हणजे कोलाम लोकाइची वस्ती, अन् मधात गायरान. काय सांगू तुम्हाले, कागदावर ते सरकारचं, पण पोडातल्या लोकाइच्या बकऱ्या, मोहफुलं, सरपण, सारं त्याच्यावरच. सरकारचं काही कळवायचं असलं का डफडं घेऊन पोडात जाणं माहं काम. तिथली जंगूबाई म्हणे, कोतवालभाऊ आला म्हणजे खबर पक्की.

तं सोलरवाले आले. काम वाईट नाई, दिवसा वावरात लाइट भेटते, मी कायले खोटं बोलू? पण त्याइले पायजे होतं गायरान. त्यासाठी ग्रामसभा, अन् ग्रामसभेसाठी दवंडी. सरपंच म्हणे, काका, बजाराच्या दिवशी दुपारी देऊन टाका. मी म्हटलं, तवा तं पोड सारं वणीच्या बजारात असते जी. तो हासला. म्हणे, कानून म्हणते दवंडी द्या, कोणी ऐकलीच पायजे असं थोडी म्हणते? अन् तुमच्या पोराले तिथं चौकीदार लावतो.

पोरगं घरी बसून होतं. मी गेलो. सुन्या घराइपुढं डफडं वाजवलं, गायरानाची सभा हाये हो, म्हणून ओरडलो. कोंबड्या पळाल्या, बस. संध्याकाळी जंगूबाई बजारातून माह्या दारावरून चालली होती, माह्या हातावर शेव ठेवली अन् म्हणे, काही खबर, भाऊ? मी म्हटलं, काही नाई. शेव खाल्ली मी. ते आठवलं का आजही जीव मेल्यासारखा होते.

सभा झाली, पोडातलं कोणीच नव्हतं, तरी ठराव झाला अन् कागदावर लिहिलं, पोडात दवंडी देली. गायरानाले तार लागली, अन् तारेपाशी माहं पोरगं उभं राहून जंगूबाईच्याच बकऱ्या हाकलून राह्यलं.

आम्हाले न कळवता सभा घेतली, अशी पोडानं तालुक्याले तक्रार केली. तिथल्या सायबाच्या सुनावणीत, मले इचाराच्या आधीच जंगूबाई उठली. म्हणे, सायब, दवंडी झालीच नाई, त्या संध्याकाळी मी भावाले इचारलंतं. तो काही नाई म्हणे. तो खोटं बोलत नाई, तुमचा कागदच खोटा.

सायबानं माह्याकडं पाह्यलं. दवंडी देली का? नुसतं हो म्हटलं असतं तं तेही खरंच होतं, अन् पोड तिथंच हारलं असतं. मी म्हटलं, देली जी, पण त्याइनं ऐकू नये म्हणून देली. शेवेचंही सांगितलं. जंगूबाई खाली बसली. तिनं शिव्या देल्या असत्या तं बरं झालं असतं.

घरी पोरगं म्हणे, बाबा, आपल्याच लेकराच्या पोटावर पाय देला तुम्ही. निकाल जंगूबाईच्या बाजूनं लागला तं माही नोकरी जाईन. आता देवाजवळ काय मांगता?

निकाल अजून लागला नाई. देवाजवळ काय मांगतो ते त्याले नाई, तुम्हाले सांगतो. तो माहा लेक हाये, त्याचं भलं हो. पण निकाल तिच्या बाजूनं लागो.