आपण नवीन का?

दाताच्या दवाखान्यात शिंपी गाल धरून बसला होता. शेजारी दोघी बहिणी बोलत होत्या.

"ताई, रविवारी रानात फिरायला जाणाऱ्या त्या मंडळींत सामील झालीस म्हणे?"

"झाले. माणसं चांगली आहेत. दमलात का, पाणी हवं का, सारखी विचारतात."

"आणि भाऊजी?"

"तेही येतात. ते पुढच्या घोळक्यात, मी मागच्या."

"अजून अबोला आहे?"

"आहे. भांडण कशावरून झालं ते मात्र आठवत नाही."

"कमाल आहे!"

"परवा वाटेत ओढा लागला. हे मध्ये उभे राहून एकेकाला हात देत होते. माझी पाळी आली, तर हात धरून म्हणतात, 'आपण नवीन का?'"

"अगं बाई! मग तू?"

"म्हटलं, हो, आजच आले."

आतून शिंप्याला हाक आली. "आधी दुसऱ्या कुणाला घ्या," तो गालावरचा हात न काढता म्हणाला.

"पुढे काय झालं, ताई?"

"पुढे गाडीपर्यंत बोलतच आलो. मुलं किती, राहता कुठे, सगळं विचारलं त्यांनी."

"आणि घरी?"

"घरी कुठलं बोलणं! फक्त संध्याकाळी भिंतीकडे बघून म्हणाले, 'येत्या रविवारी डबा एकच भरला तरी चालेल.'"